मंडळाच्या एजंटला रीतभात कशी कळावी?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमधल्या एका मराठी मंडळासाठी स्वायत्त एजंट, म्हणजे आपणहून कामं उरकणारा संगणकी प्रोग्रॅम, बांधला आहे. कामं तीन: सभागृह आणि पटांगणाचं बुकिंग, वर्गणीची आठवण, कार्यक्रमांची आमंत्रणं. आत भाषा मॉडेल आहे. त्याला अडीच पानी प्रॉम्प्ट, म्हणजे सूचनांचा मजकूर, दिलाय, त्यात 'ज्येष्ठांशी आदराने बोल', 'दुःखाच्या घरी त्रास देऊ नको' अशी वाक्यं आहेत. तरी सुतकाच्या घरी वर्गणीचा निरोप गेला, रात्री साडेदहाला एका आजोबांना फोन लागला, आणि एकाला दिलेलं पटांगण त्याच संध्याकाळसाठी मोठ्या देणगीदाराला पुन्हा दिलं गेलं. आता प्रॉम्प्ट वाढवावा की मॉडेलला आणखी प्रशिक्षण द्यावं, असं विचारलंय.

दोन्ही नको, निदान आधी तरी नको. तिन्ही चुकांत मॉडेलला रीत ठाऊक नव्हती असं नाही. 'सुतकात वर्गणी मागावी का?' असं त्यालाच विचारून बघा, चोख उत्तर देईल. अडलंय ते वेगळ्याच जागी. त्या घरात सुतक आहे हे एजंटला कळायची सोय नव्हती. कळलं असतं तरी रांगेत लागलेला निरोप थांबवायची सोय नव्हती. आणि चूक झाल्यावर पुढे काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. संकेत, म्हणजे रीतीभातीचे नियम, लिहून काढणं हा या कामातला सर्वात सोपा भाग आहे. डोकं चालवायचं ते या तीन ठिकाणी.

सुरुवात वर्गवारीने करा. काही गोष्टी एजंटला करताच येऊ नयेत. जोन्स आणि सर्गोट या संशोधकांनी १९९३ मध्ये हा फरक नीट मांडला: एक तर यंत्रणाच अशी बांधायची की नियम मोडणं अशक्य व्हावं, नाहीतर मोडणं शक्य ठेवायचं आणि मोडल्यावर दखल घ्यायची. तुमची तिसरी चूक पहिल्या प्रकारातली. एका जागेला एकाच वेळी दोन बुकिंग, हा सामाजिक संकेत म्हणून प्रॉम्प्टमध्ये लिहायचा विषयच नाही. डेटाबेसमध्ये जागा आणि वेळ यांवर बंधन टाका, म्हणजे मॉडेलने कितीही गोड कारण दिलं तरी दुसरी नोंद होणार नाही. सदस्यांची फोनयादी बाहेर देणं, ज्याने संमती मागे घेतली त्याला आमंत्रण पाठवणं, हेही तिथेच अडवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा हक्क आहे, आणि तो मॉडेलच्या मूडवर सोडायचा नसतो. ही तपासणी साधनाच्या आवरणात हवी, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत. मॉडेलच्या तोंडी लावून दिलेली सूचना ही तपासणी होत नाही.

मग सगळंच असं का बंद करू नये? कारण रात्री अकराला सभागृहाची टाकी फुटली आणि चावी पंचाहत्तरीतल्या कोषाध्यक्षांकडे असली, तर त्यांना उठवायलाच हवं. 'रात्री नऊनंतर ज्येष्ठांना फोन नाही' हे दारातच अडवलं, तर एजंट सकाळपर्यंत शांत बसेल आणि सतरंज्या पाण्यात जातील. म्हणून रीतीभातीचे बहुतेक संकेत मोडता येण्याजोगे ठेवायचे, पण जाणूनबुजून, कारण नोंदवून.

आता नोंद कशी करायची. क्रॉफर्ड आणि ऑस्ट्रॉम या अभ्यासकांनी १९९५ मध्ये संस्थात्मक विधानाचे, म्हणजे संस्थेतल्या नियमाच्या वाक्याचे, पाच भाग सांगितले: कोणाला लागू, कसलं बंधन, कोणती कृती, कोणत्या परिस्थितीत, आणि न पाळल्यास काय. प्रत्यक्ष चालणाऱ्या एजंटला हे पुरत नाही. 'परिस्थिती' फोडून 'कधी लागू होतो' आणि 'कधी सुटतो' असे दोन रकाने करावे लागतात, वर उगम आणि मान्यता देणारा लागतो. वर्गणीच्या संकेताची नोंद अशी दिसेल:

नाव: सुतक-वर्गणी
कोणाला: एजंट, मंडळाच्या वतीने फोन करणारे स्वयंसेवक
बंधन: मनाई
कृती: वर्गणी, थकबाकी वा देणगी मागणे, आठवण करणे
लागू: घरातल्या मृत्यूची खबर पक्की वा संशयित म्हणून नोंदली गेली
सुटतो: तेरावा उलटला, किंवा कुटुंबाने आपणहून विषय काढला
मोडल्यास: रांगेतले बाकीचे निरोप रद्द, त्याच दिवशी पदाधिकाऱ्याने स्वतः फोन करणे, एजंटने माफीचा निरोप पाठवू नये
उगम: रीत, मान्यता कार्यकारिणीची

'सुटतो' हा रकाना बहुतेकजण विसरतात. मग संकेत चिकटून राहतो आणि त्या घराला वर्षभर एकही आमंत्रण जात नाही. असा एजंट उद्धट नसतो, पण लोकांना वाळीत टाकल्यासारखं वाटतं, आणि तक्रार कुणी करत नाही म्हणून दोष सापडतही नाही.

'मोडल्यास' या ओळीचं स्वतंत्र महत्त्व आहे. कर्तव्य चुकल्यावर जे कर्तव्य उभं राहतं, त्याने तर्कशास्त्रज्ञांना दमवलंय. फॉन राइटने १९५१ मध्ये कर्तव्यांचं तर्कशास्त्र मांडलं. १९६३ मध्ये चिझमने चार साधी विधानं पुढे ठेवली: शेजाऱ्याच्या मदतीला जायला हवं; जाणार असाल तर तसं कळवायला हवं; जाणार नसाल तर कळवता कामा नये; आणि माणूस काही जात नाही. ही चार विधानं त्या काळच्या रूढ पद्धतीत मांडली की एक तर परस्परविरोध येतो, नाहीतर एखादं विधान दुसऱ्यातून आपोआप निघून निरर्थक होतं. तुमच्यासाठी यातून निघतं ते इतकंच: दुरुस्तीचं कर्तव्य मूळ संकेतातून अनुमानाने काढायला जाऊ नका. 'सुतक-वर्गणी मोडला' ही एक घटना धरा, वेळेसकट नोंदवा, आणि त्या घटनेने सुरू होणारा दुसरा संकेत लिहा. कोवाल्स्की आणि सर्गोट यांचं १९८६ चं घटना-कलन याच धर्तीचं आहे: घटना अवस्था सुरू करतात, घटनाच ती संपवतात. तीसचाळीस संकेतांपर्यंत साध्या पायथन कोडमध्ये हे निभतं. त्यापुढे क्लिंगोसारखं, तर्काचे नियम लिहून चालवायचं साधन बरं पडतं, अपवादांचे अपवाद तिथे वाचनीय राहतात. जेसन किंवा जाकामो या एजंट बांधायच्या चौकटींवर शिकायला मिळतं खूप, पण मंडळाच्या कामासाठी ते उभं करायच्या भरीस मी पडणार नाही.

आता खरी कठीण जागा: सुतक आहे हे कळणार कुठून? एजंटच्या हाती येतो मजकूर, आणि 'अमुक गोष्ट या संदर्भात तमुक मानायची' असे नियम लावून त्यातून सामाजिक वस्तुस्थिती बनवावी लागते. तत्त्वज्ञ सर्लने मांडलेला हा घटक नियम. मंडळाच्या गटावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा निरोप फोटोसकट आला की भोळा एजंट पाठवणाऱ्याच्या घरी सुतक लावून मोकळा होतो. पण एखादा गायक वा नेता गेला की तोच मजकूर शंभर घरांतून फिरतो. म्हणून खबर पक्की मानायला दोनांपैकी एक हवं: पदाधिकाऱ्याने हाताने केलेली नोंद, किंवा त्याच घरातल्या व्यक्तीचा निरोप ज्यात नातं स्पष्ट आहे. बाकी सगळं 'संशयित'.

संशयित खबरीचं काय करायचं ते कृतीवर अवलंबून आहे. वर्गणीची आठवण थांबवायला नुसता संशय पुरे. खबर खोटी निघाली तर पैसे चार दिवस उशिरा येतील, एवढंच. सांत्वनाचा निरोप पाठवायला मात्र पक्की खबर हवी, कारण जिवंत माणसाच्या घरी सांत्वन पोहोचलं तर मंडळाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. वस्तुस्थिती एक, पण प्रत्येक कृतीची पुराव्याची पातळी वेगळी. सगळीकडे एकच विश्वासांक (खबर किती खात्रीची याचा आकडा) वापरणारी यंत्रणा यातल्या एका बाजूला हमखास चुकते. व्यवहारात असं करा: संशय आला की संबंधित घरच्या आठवणी ४८ तास रोखा, पदाधिकाऱ्याला एका ओळीत विचारा, उत्तर आलं नाही तर रोख आणखी ४८ तास वाढवा आणि दुसऱ्याला विचारा.

आणि एजंटला धर्मशास्त्र शिकवू नका. दहा दिवस की तीन, भाऊबंदकीत किती पिढ्यांपर्यंत, माहेरचं सुतक लेकीला किती, हे घरागणिक बदलतं आणि मॉडेल यावर आत्मविश्वासाने चुकीचं बोलतं. मंडळाला हवी असलेली गोष्ट साधी आहे: शोकात असलेल्यांकडे पैसे मागू नयेत. तेरा दिवस हा ठोक आकडा ठेवा, कार्यकारिणीला बदलता येईल असा. संपलं.

दुसरी चूक, रात्रीच्या फोनची, वेगळ्या वाटेने आली असावी. अशा एजंटांना 'सदस्य कधी उत्तर देतात' हे लॉगमधून, म्हणजे आधीच्या फोन-निरोपांच्या नोंदींतून, शिकू दिलेलं असतं. इंदुरात माणसं रात्री बाराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खात उभी असतात, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांना, अर्धं शहर रात्रभर रस्त्यावर असतं. आकडे सांगणार की साडेदहाला फोन जागे आहेत. पण माणूस जागा आहे यावरून त्याला मंडळाचा फोन चालेल असं ठरत नाही. लोक काय करतात आणि लोकांच्या मते काय करायला हवं, हे दोन वेगळे प्रवाह आहेत. मानसशास्त्रज्ञ चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ते वेगळे करून दाखवले. तत्त्वज्ञ बिकियेरींच्या २००६ च्या मांडणीत सामाजिक संकेत उभा राहायला दोन्ही अपेक्षा लागतात, इतर तसं वागतात ही आणि आपणही तसं वागावं असं इतरांना वाटतं ही. लॉगमध्ये फक्त पहिली दिसते. दुसरी माणसांना विचारूनच मिळते.

हाच मुद्दा हळदीकुंकवाच्या यादीत अधिक टोचतो. जुन्या आमंत्रणांवर शिकलेला एजंट एक नमुना हमखास उचलतो: काही बायकांची नावं यादीत कधीच नसतात. त्या विधवा आहेत. मॉडेल हे 'परंपरेचं भान' म्हणून पुढे चालू ठेवतं, कुणी न सांगता, आणि यादी नेहमीसारखीच दिसते म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर तीन उपाय, तिन्ही करा. शिकलेला कोणताही संकेत 'प्रस्तावित' म्हणूनच साठवावा. कार्यकारिणीच्या मान्यतेशिवाय तो लागू होऊ नये, आणि कुणाला वगळणारा असेल तर वेगळा, ठळक दाखवावा, म्हणजे मंडळाला वगळायचंच असेल तर ते सभेत उघडपणे म्हणावं लागेल. दुसरं, वैवाहिक स्थिती एजंटला देऊच नका. तिसरं, दिली नाही तरी ती झिरपते हे ध्यानात ठेवा: सदस्यसूचीत पतीच्या नावाआधी 'कै.' असतं, मॉडेलला तेवढं पुरतं. चाचणी सोपी आहे. तीच सूची दोनदा चालवायची, एकदा 'कै.' सकट, एकदा काढून. याद्यांत एका नावाचाही फरक पडला तर यादी बनवायचं काम मॉडेलकडून काढून साध्या क्वेरीकडे (डेटाबेसला ठरावीक निकषांवर विचारलेल्या प्रश्नाकडे) द्या.

संकेतांमधल्या टकरावाबद्दल. इथे नवखे दोन चुका करतात. पहिली म्हणजे टकराव नसताना टकराव मानणं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत वापरायला मुभा आहे. आणि राज्य सरकार सणउत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस १० ते १२ अशी सूट देऊ शकतं. आता समजा मंडळाने शेजाऱ्यांशी ठरवलंय की पटांगणातला आवाज साडेनऊला बंद. गणेशोत्सवात सरकारी सूट मिळाली. एजंट म्हणतो, 'सरकारचा नियम वरचा, तेव्हा बारापर्यंत वाजवा.' हे साफ चूक. सूट म्हणजे परवानगी, परवानगीने वाजवायची सक्ती होत नाही. मंडळाची साडेनऊची मनाई तिच्यासोबत सुखाने नांदते. म्हणून नोंदीच्या 'बंधन' रकान्यात परवानगी, मनाई आणि कर्तव्य हे तीन प्रकार ठेवा, आणि परवानगीने फक्त तीच मनाई उठेल जिचं नाव तिच्यात लिहिलंय. 'बंदिस्त जागा' ही अटही लागू-रकान्यात यायला हवी, नाहीतर एजंट सभागृहातलं नाटक दहाला बंद पाडेल.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या संकेतांना वजनं देऊन बेरीज करणं. देणगीदाराशी संबंध जपा: ७ गुण, आधी आलेल्याला आधी: ५ गुण, की झालं, पटांगण विकलं गेलं. बेरजेत प्रत्येक संकेताला किंमत लागते, आणि एजंट मग ती मोजून संकेत मोडतो. माणसंही तेच करतात: इस्रायलमधल्या हैफातल्या पाळणाघरांत मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, असं नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० मध्ये दाखवलं, दंड म्हणजे जास्तीच्या वेळेचं भाडं असा लोकांनी अर्थ घेतला. त्याऐवजी संकेतांच्या जोड्यांमध्ये वरचढपणा लिहा: 'मालमत्ता-नुकसान' हा 'रात्री-फोन'वर वरचढ. जोडीचा निकाल लिहिलेला नसेल तर कायद्यातली जुनी सूत्रं लावा, आधी वरिष्ठ उगम, मग अधिक विशिष्ट, मग नवा. तरी सुटलं नाही तर एजंटने थांबून माणसाला विचारावं. सुरुवातीला दिवसाला पाचसहा प्रश्न येतील, त्यांची उत्तरं म्हणजेच तुमच्या जोड्या.

अशा निर्णयाचा मागोवा इतका नेमका हवा:

रात्री ११.०५
प्रस्ताव: कोषाध्यक्षांना फोन, टाकी फुटली, चावी त्यांच्याकडे
लागू: रात्री-फोन (मनाई), मालमत्ता-नुकसान (कर्तव्य, १५ मिनिटांत जबाबदार व्यक्तीला कळवणे)
आधी पाहिलेले पर्याय: चौकीदार, दोनदा फोन, उचलला नाही, दुसरी चावी सचिवांकडे, ते गावाबाहेर
निर्णय: रात्री-फोन मोडला
पुढे: पहिल्या वाक्यात कारण सांगणे; सकाळी सचिवांना नोंद

'आधी पाहिलेले पर्याय' ही ओळ सक्तीची ठेवा. ती रिकामी असेल तर मोडायला परवानगी नाही. नाहीतर मॉडेल प्रत्येक गोष्टीला तातडीचं नाव देऊ लागतं.

क्रमाबद्दल एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. हेतू एकदा ठरला की तो तडीस नेण्याचा एजंटांचा स्वभाव असतो. श्रद्धा, इच्छा आणि हेतू यांवर बेतलेल्या रचनांत तो मुद्दाम घातलेला असतो, पायरीपायरीला फेरविचार नको म्हणून. सकाळी नऊला तीनशे घरांच्या आठवणी तपासून रांगेत लागल्या, अकराला मृत्यूची खबर आली, बाराला निरोप गेला. तुमची पहिली चूक बहुधा हीच असेल, लॉगमधल्या वेळा जुळवून पाहा. उपाय: संकेतांची तपासणी योजना आखताना आणि प्रत्येक निरोप पाठवण्याच्या क्षणी, अशी दोनदा. दुसरी तपासणी मॉडेलकडून नको, कोडकडून.

भाषा मॉडेलकडे मग उरतं काय? कृती सुचवणं, आलेल्या मजकुरातून वस्तुस्थिती काढणं (संशयित म्हणून), आणि मजकूर लिहिणं. कोणता संकेत लागू आहे हे त्याने ठरवू नये. प्रॉम्प्टमध्ये बोलण्याचा सूर तेवढा ठेवा. संबोधनात हुशारी नको: वयाचा अंदाज करून 'काकू' म्हटलेलं पंचेचाळिशीतल्या बाईंना रुचत नाही; इंदुरी पद्धतीने आडनावापुढे 'जी' लावा आणि 'आपण' म्हणा, कुणी दुखावत नाही.

चाचण्या प्रत्येक संकेतामागे किमान चार: लागू असताना पाळतो का, लागू नसताना उगाच पाळतो का, मोडल्यावर दुरुस्ती होते का, आणि सीमेवर, म्हणजे तेराव्या दिवशी संध्याकाळी, काय करतो. दुसरी चाचणी सर्वाधिक दुर्लक्षित. फार सोवळा झालेला एजंट कुणाला काही मागतच नाही आणि कोषाध्यक्ष पुन्हा वही घेऊन बसतात. खबर ओळखण्याचा भाग प्रत्येक मजकुरावर पाच वेळा चालवा. पाचांत निकाल बदलला तर तुमच्या अटीचे शब्द मोघम आहेत, मॉडेलला दोष देण्याआधी ते सुधारा. पहिला संपूर्ण हंगाम, गणेशोत्सव ते संक्रांत, एजंटने फक्त मसुदे करावेत, पाठवावं माणसाने. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि गुढीपाडवा पुढे असतात, घाई असेल तर तिथून थोडी थोडी मोकळीक द्या.

दोन गोष्टी एजंटकडे अजिबात देऊ नका. एक, शिक्षा. राज्यशास्त्रज्ञ अॅक्सेलरॉडच्या १९८६ च्या संगणकी प्रतिकृतीत, शिक्षा न करणाऱ्यालाही शिक्षा केली की संकेत टिकतो असं दिसलं. संगणकात ते छान चालतं. राजेंद्रनगर वा लोकमान्यनगरातल्या मंडळात थकबाकीदारांची नावं गटावर टाकून बघा, पुढच्या वर्षी दोन मंडळं असतील. दोन, संकेत बदलायचा अधिकार. 'अध्यक्षांनीच सांगितलंय, आमच्या मुंजीला पटांगण द्या' असा निरोप येणारच, आणि मॉडेल तो अधिकाराचा शब्द मानून मोकळं होईल. आलेला कोणताही निरोप हा पुरावा असू शकतो, संकेत कधीच नाही. नोंदी बदलायचं पान वेगळं, तिथे दोन पदाधिकाऱ्यांची मान्यता लागेल, आणि अध्यक्ष स्वतः गटावर लिहीत असले तरी त्यांनाही त्याच पानावर जावं लागेल.